गॅडसन टेक्सासला जावा म्हणून

१९८८ सालचा सगळा उन्हाळा मी सहा फूट दहा इंच उंचीच्या एका माणसाच्या सहीची वाट पाहण्यात घालवला. माणसाचं नाव लेरॉय गॅडसन. मी त्याला कधी भेटलो नव्हतो आणि बास्केटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. माझी इच्छा एवढीच होती, की त्यानं सही जरूर करावी, पण ती न्यू जर्सीपासून जितकी लांब करता येईल तितकी लांब करावी.

यात माझं त्याच्याशी वैर नव्हतं. माझं एक नाटक होतं.

मी तेव्हा न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत राहत होतो आणि औषधांच्या एका कंपनीत गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते पाहायचं काम करत होतो. गोळी विरघळत असताना माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून मी दोन अंकी विनोदी नाटक लिहिलं. नाव ‘पाहुणे सहा महिने राहणार’. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ते व्हायचं होतं. ते होणार असं मंडळानं पहिल्यांदा जाहीर केलं १९७७ साली. तेव्हापासून दर वर्षी काही ना काही निघालं. एका वर्षी नायिकेला दिवस गेले. पुढच्या वर्षी नायकाची बदली झाली. एकदा तर सगळे हजर, सेट उभा आणि ऐन वेळी भारतातून आलेल्या एका गायकांनी वीस मिनिटांचं गाणं अडीच तास गायलं. मी अकरा वर्षं ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे ऐकत होतो. दरम्यान, ज्यांच्यावर नाटक लिहिलं ते माझे सासरे दोनदा सहा महिने राहून गेले.

या वर्षी मात्र सगळं जमलं होतं. गावातल्या हायस्कूलच्या व्यायामशाळेचं मोठं सभागृह गणपतीनंतरच्या शनिवारी आमचं होतं. सासऱ्यांच्या भूमिकेला गिरीश मिळाला होता. हा स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करणारा मुलगा. तिघांत मिळून असलेल्या अपार्टमेंटमधून, मित्राची गाडी मागून, तालमीसाठी दर रविवारी चार तास ड्राइव्ह करून यायचा आणि चार तास परत. नाटकावरचं प्रेम म्हणून येतो असं तो सांगायचा. वसुधा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, “जेवायला येतो तो. तिकडं त्याला साधी तूरडाळ मिळत नाही.” मला दोन्ही कारणं चालत होती.

आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रिन्सिपॉल कोवाल्स्की यांचा फोन आला.

“मिस्टर गुरुदत्त, तुमच्या शनिवारचा एक छोटासा प्रॉब्लेम होऊ शकतो,” ते म्हणाले. “किंवा होणारही नाही. ते लेरॉयवर आहे.”

“कोण लेरॉय?”

एखाद्यानं मंडईत उभं राहून ‘भाजी कुठं मिळते’ विचारावं, तसला हा प्रश्न होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. लेरॉय गॅडसन त्यांच्या शाळेचा जुना विद्यार्थी. आता देशातल्या मोठ्या खेळाडूंपैकी एक. त्याच वर्षी नवा नियम झाला होता, की बरीच वर्षं खेळलेल्या आणि करार संपलेल्या खेळाडूनं हव्या त्या संघाशी सही करावी, जुन्या संघानं त्याला अडवायचं नाही. गॅडसन असा मोकळा झाला होता. दोन संघ त्याच्या मागं होते, एक टेक्सासमधला आणि एक आमच्या न्यू जर्सीचा. टेक्सासला गेला तर प्रश्नच नाही. पण तो घरी परत आला, तर शाळा आणि गाव मिळून त्याचा सत्कार करणार, आणि त्यासाठी गावानं जो दिवस धरून ठेवला होता, तो आमचा शनिवार. शाळेचा कार्यक्रम आला की बाहेरच्यांचं बुकिंग आपोआप रद्द, असं आमच्या अर्जाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. अर्जाची मागची बाजू मंडळात कुणी वाचत नसे. पुढचीही सुचित्रा एकटीच वाचायची, ती सेक्रेटरी म्हणून.

“तो कधी ठरवेल?” मी विचारलं.

“उद्याही ठरवेल,” कोवाल्स्की म्हणाले, “किंवा सप्टेंबरमध्ये.”

त्या दिवसापासून मी बास्केटबॉलचा अभ्यास सुरू केला. माझ्या घरात या विषयातली एक तज्ज्ञ होती. माझी मुलगी उत्तरा, वय तेरा. तोपर्यंत आमचं संभाषण “स्कूल कसं होतं?” “फाइन.” इथं सुरू होऊन तिथंच संपत असे. तिच्या खोलीच्या भिंतीवर गॅडसनचा पुऱ्या उंचीचा फोटो होता. मी तो इतके दिवस पाहत होतो, पण मला वाटायचं की तो दाराच्या मापाचा आहे म्हणून लावला असेल.

“उत्तरा, हा गॅडसन कुठं सही करणार गं?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू भिंतीवरच्या फोटोनंच प्रश्न विचारला. मग ती बोलायला लागली आणि पाऊण तास थांबली नाही. टेक्सासकडे चांगला सेंटर, म्हणजे मधला उंच खेळाडू, आहे, जर्सीकडे नाही. टेक्सास जिंकणारी टीम आहे, जर्सी हरणारी. टेक्सासचा कोच त्याला आवडतो.

“म्हणजे टेक्सास!” मी आनंदानं म्हणालो.

“नो, डॅड. हिज मॉम लिव्ज हिअर.”

“मग काय झालं? माझीही आई नाशिकला आहे.”

“एक्झॅक्टली,” उत्तरा म्हणाली.

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात दोन पक्ष होते. सकाळी पेपर आला की उत्तरा आणि मी एकाच पानासाठी झटापट करायचो. ‘गॅडसनचं टेक्सासमध्ये घर पाहणं’ अशी बातमी आली की मी शिरा करायला सांगायचो. ‘गॅडसन आईसोबत चर्चमध्ये’ अशी आली की शिरा तसाच राहायचा. एकदा टीव्हीवर एक माणूस म्हणाला, की आतल्या गोटातून कळतं, टेक्सास नक्की. दुसऱ्या चॅनेलवर दुसरा माणूस म्हणाला, की आतल्या गोटातून कळतं, जर्सी नक्की. दोघांचे सूट सारखे होते. आमच्या मंडळात अध्यक्ष कोण होणार याचा अंदाज बांधणारे लोक यांच्यापेक्षा जास्त माहितीवर बोलतात.

ऑगस्ट उजाडला तरी सही नाही. तालमीत गिरीश विचारायचा, “काका, डायलॉग पाठ करू की थांबू?” नायिका म्हणाली, शनिवारी नसेल तर ती लेक जॉर्जच्या तळ्यावर सुट्टीला जाणार आहे. मला झोपेत चेंडू आपटल्याचे आवाज येऊ लागले. वसुधा म्हणाली, तो उत्तरा ड्राइव्ह-वेवर प्रॅक्टिस करते त्याचा आवाज आहे, आणि तुम्ही झोपेत नाही, सोफ्यावर बसलाय.

शेवटी मी कार्यकारिणीची तातडीची सभा मागितली. ती अकरा दिवसांनी भरली, अध्यक्ष जगन्नाथरावांच्या बेसमेंटमध्ये. जगन्नाथराव भूल देणारे डॉक्टर. त्यांच्या बोलण्यातही तो गुण होता.

मी म्हणालो, “आपण सरळ गॅडसनला पत्र लिहू. तुम्ही टेक्सासला गेलात तर एका गरीब समाजाचा गणपती पार पडेल. अमेरिकन माणसाला सरळ बोललेलं आवडतं.”

“गरीब शब्द काढा,” जगन्नाथराव म्हणाले. ते नुकतेच मर्सिडीजमध्ये बसून सभेला, म्हणजे वरच्या मजल्यावरून खाली, आले नसले तरी ती बाहेर उभी होती.

मी मसुदा वाचून दाखवला. तीन ओळींचा होता: ‘प्रिय गॅडसन, आमचा कार्यक्रम त्याच दिवशी त्याच सभागृहात आहे. आपण टेक्सासशी सही केल्यास आमची सोय होईल. आपला आभारी.’

“हे फारच तुटक वाटतं हो,” सुचित्रा म्हणाली. “सुरुवातीला दोन शब्द चांगले नकोत? त्याच्या खेळाबद्दल?”

“घाला,” मी म्हणालो. ‘आपल्या दैदीप्यमान कारकिर्दीचा आम्हां सर्वांना सार्थ अभिमान आहे’ हे आलं.

“आणि येऊ नका असं कुठं लिहितात का, गुरुदत्त?” जगन्नाथराव म्हणाले. “आपल्याकडं दारात आलेल्याला कुणी जा म्हणतं? या म्हणायचं, बसा म्हणायचं. समोरचा समजतो.”

“समोरचा न्यू जर्सीचा आहे!”

“तरी समजतो. लिहा, की आपण इथं आलात तर आनंदच आहे. पण ‘आनंदच’मधला ‘च’ असा लिहा, की त्याला कळावं.”

“डॉक्टरसाहेब, पत्र इंग्रजीत आहे.”

“मग अंडरलाइन करा.”

त्यानंतर खजिनदार पुरुषोत्तम, मूळचे नागपूरचे, जे पूर्ण सभेत चिवडा खात होते, त्यांनी एकच सूचना केली. “त्याची आई इथंच राहते ना? एकटीच? मग तिला जेवायला बोलवायला नको? नुसतं आपल्या कामापुरतं पत्र लिहायचं म्हणजे बरं नाही दिसत.” यावर मतदानसुद्धा घ्यावं लागलं नाही. नागपूरच्या माणसानं जेवणाचा विषय काढला की तो ठरावच असतो.

टेक्सास हा शब्द शेवटपर्यंत पत्रात राहावा म्हणून मी लढलो. तो राहिला. शेवटच्या परिच्छेदात, असा: ‘टेक्सासचे हवामान उष्ण असल्याचे ऐकतो. प्रकृतीची काळजी घ्यावी.’ माझ्या मूळ पत्राचं इतकंच उरलं. बाकी दीड पानात त्याचा अभिमान, आईला प्रसादाच्या जेवणाचं आग्रहाचं निमंत्रण, तारीख, वेळ, सभागृहाचा पत्ता, आणि ‘त्या दिवशी आम्ही सर्व सभासद तेथे असूच, यावरून आपण काय ते जाणालच.’ जगन्नाथरावांच्या मते या एका वाक्यात सगळं येत होतं.

“वाचल्याबरोबर ओशाळेल तो,” ते म्हणाले.

घरी आल्यावर मी उत्तराला गॅडसनच्या एजंटचा पत्ता विचारला. तिच्याकडे असणारच होता. तिनं आधी पत्र वाचायला मागितलं. मी दिलं. ती स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होती आणि वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, झालं, आता ही रडणार, की बाबांनी माझ्या हिरोला घालवलं.

तिनं मला मिठी मारली.

“डॅड! धिस इज सो नाइस! तुला तो यायला हवाय!”

त्या क्षणी मी ते पत्र फाडायला हवं होतं. इथं जन्मलेल्या, इथं वाढलेल्या वाचकाचं मत मला फुकट आणि वेळेवर मिळालं होतं. पण तिनं चार वर्षांनी मिठी मारली होती, आणि पत्र कार्यकारिणीनं मंजूर केलेलं होतं. माणूस एकाच वेळी या दोन गोष्टींच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. तिनं पत्ता लिहिला, वर एक बास्केटबॉलही काढला, आणि मी तिकीट लावलं.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी गॅडसननं सही केली. टीव्हीवर दाखवलं. एका लांब टेबलामागं तो बसला होता. शेजारी त्याची आई, जांभळी टोपी घातलेली ठेंगणी बाई. समोर चाळीस मायक्रोफोन. एका वार्ताहरानं विचारलं, टेक्सास सोडून इकडं का?

“खरं सांगू का, मी जवळजवळ टेक्सासचं ठरवलं होतं,” गॅडसन म्हणाला. “मग एजंटकडून मला एक पत्र आलं. आमच्या गावातल्या काही इंडियन लोकांचं. मी यांना ओळखतसुद्धा नाही. त्यांनी आईला जेवायला बोलावलंय. आणि लिहिलंय, की आम्ही सगळे तिथं असूच, यावरून काय ते जाणा.” त्याला चक्क गहिवरून आलं होतं. “मी जाणलं.”

त्याची आई मायक्रोफोनकडे झुकली आणि म्हणाली, “त्यांना टेक्सासच्या उन्हाचीसुद्धा काळजी वाटली.”

उत्तरा सोफ्यावर उड्या मारत होती. मी रिमोट शोधत होतो. फोन वाजला. मला वाटलं कोवाल्स्की. ते नंतर आले. आधी जगन्नाथराव होते.

“पाहिलंत? मंडळानं आणला! मी म्हणालो नव्हतो, की समोरचा समजतो?”

“डॉक्टरसाहेब, आपलं सभागृह गेलं.”

“अहो, सभागृह काय घेऊन बसलात! तो आपल्याकडं जेवणार आहे. आईसकट! शाल मागवतोय मी एडिसनच्या इंडियन दुकानातून, लांब लागेल.”

“आणि नाटक?”

“नाटक ना...” जगन्नाथरावांचा आवाज भूल देतानाचा झाला. “पुढच्या वर्षी नक्की.”

मी फोन ठेवला नाही. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही, पण त्यात ‘राजीनामा’ आणि ‘वसुधा शंभर माणसांची भाजी करणार नाही’ अशी दोन वाक्यं होती. पहिल्याचा परिणाम झाला नाही. दुसऱ्यावर त्यांनी तासाभरानं परत फोन केला.

तडजोड अशी ठरली. सत्कार व्यायामशाळेत, दुपारी दोन ते साडेचार. शाळेनं आम्हांला त्याऐवजी कॅफेटेरिया दिला होता. तिथं त्याच वेळात माझं नाटक. सत्कार संपला की गॅडसन, त्याची आई आणि बाकी सगळे कॅफेटेरियात येतील आणि जेवण होईल. म्हणजे माझं नाटक पाहायला नक्की कोण उरतं, असं मी विचारलं. सुचित्रा म्हणाली, “ज्यांना खरंच आवड आहे ते येतील हो.”

ज्यांना खरंच आवड होती, ते एकोणीस निघाले. त्यातले चार सासरे होते, सहा महिन्यांसाठी आलेले, ज्यांना बास्केटबॉल बघायला नेलं तर मान दुखते. कॅफेटेरियात रंगमंच नसतो, म्हणून आम्ही जेवण वाढायच्या खिडकीसमोर सेट लावला. तिच्यावरचं पत्र्याचं शटर बंद होतं. सेटमध्ये ते दिवाणखान्याची भिंत झालं. त्यामागं वसुधा आणि बायका जेवण गरम ठेवत होत्या. आमटीचा वास पहिल्या वाक्यापासून नाटकात होता.

पहिला अंक मात्र झाला. सासरे हसले, स्वतःवर लिहिलंय हे न ओळखता. गिरीश झकास करत होता. मध्यंतरात व्यायामशाळेतून एवढा मोठा आरडाओरडा आला, की वर टांगलेला कागदी कंदील हलला.

“काका, पाच मिनिटं,” गिरीश म्हणाला. “फक्त बघून येतो. यार, गॅडसन आहे तो! मी स्टेट कॉलेजमध्ये कुणाला काय सांगू, की मी शेजारच्या खोलीत होतो?”

“दुसरा अंक आहे, गिरीश.”

“पाच मिनिटं, काका. शपथ.”

दहा मिनिटं थांबलो. मग मी स्वतः धोतर नेसून सासऱ्यांची मिशी लावली. संवाद पाठ करायची गरज नव्हती, ते माझेच होते. आणि एक सांगतो, त्या एकोणीस माणसांसमोर दुसरा अंक मी करत असताना मला पहिल्यांदाच वाटलं, की नाटक खरोखर बरं आहे. एक आजोबा डोळे पुसत होते. हसून की कसं, ते कळलं नाही.

शेवटचा प्रवेश सुरू झाला आणि दारं उघडली.

सत्कार वीस मिनिटं आधी संपला होता. आत माणसं यायला लागली, ती थांबेचनात. मंडळाची दीडशे, गावाची तेवढीच, सगळी उपाशी. गॅडसन दारातून वाकून आत आला, खांद्यावर जगन्नाथरावांची शाल होती, ती त्याला मफलरसारखी दिसत होती. मागं त्याची आई. त्यांच्यामागं उत्तरा आणि हातात सही केलेला कागद धरलेला गिरीश. सगळे शाळेच्या मुलांच्या बाकांवर बसले आणि त्यांनी पाहिलं, की जेवणाचं शटर माझ्या मागं आहे आणि मी त्याच्या पुढं.

जगन्नाथरावांनी मला लांबून हातानं खूण केली: आवरा. सुचित्रानं घड्याळ दाखवलं. शटरच्या मागून वसुधाचा आवाज आला, “अहो, पुऱ्या!”

शेवटचा प्रवेश नऊ मिनिटांचा होता. मी तो बावीस मिनिटं केला.

एक शब्द गाळला नाही. उलट जिथं स्वल्पविराम होता, तिथं मी पाणी प्यायलो. सासरे सहा महिन्यांनी परत निघतात आणि बॅगा भरतात, असा प्रसंग आहे. मी प्रत्येक शर्टाची घडी घातली. तीनशे माणसं पूर्ण शांत होती, आणि मी त्यांच्यापैकी एकेकाकडे पाहत होतो. अकरा वर्षांत मंडळाचा एवढा एकाग्र प्रेक्षक मी कुठल्याच कलाकाराला मिळालेला पाहिला नव्हता.

शेवटचं वाक्य संपलं. गॅडसन एकदम उठून उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला. त्याचं पाहून सगळा कॅफेटेरिया उभा राहिला आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो पार्किंगपर्यंत ऐकू गेला असेल. उत्तरानं नंतर मला सांगितलं, की त्या मुलांच्या बाकावर बसून त्याचे गुडघे अवघडले होते. तिनं हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

शटर खडखडत वर गेलं. माझी भिंत आणि तिच्यावरचं कॅलेंडर, दोन्ही त्याच्याबरोबर वर गेली. मी मागं जाऊन मिशी काढली, धोतर बदललं आणि ताट घेऊन रांगेत उभा राहिलो, अगदी शेवटी. माझ्या पुढं मॉरिसव्हिलहून मुलीकडं आलेले कुणी जोशी का गोखले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं.

“नाटक चांगलं झालं म्हणतात,” ते म्हणाले. “तुम्ही होतात का?”

“होतो,” मी म्हणालो.

“लांबलं जरा, नाही?” त्यांनी विचारलं, आणि पुऱ्या संपतात की काय ते पाहायला टाचा उंच केल्या.